भाषाशिक्षक आधी, प्रशिक्षक नंतर

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दोन्ही भाषा शिकवायच्या आहेत आणि पुढे शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे आहे. बी.एड.मध्ये दोन वर्षे घालवण्याऐवजी सेल्टासारखा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम करून ती थेट प्रशिक्षक होऊ शकेल का?
– एक पालक, परळ

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या मुलीचे ध्येय योग्य आहे. घाई मात्र तिच्या हिताची नाही. सेल्टा हा इंग्रजी कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देणारा, सुमारे 120 तासांचा चांगला अभ्यासक्रम आहे आणि त्यात निरीक्षकांसमोर किमान सहा तास प्रत्यक्ष शिकवावेही लागते. परंतु त्याचा रोख मुख्यतः प्रौढांना इंग्रजी शिकवण्यावर असून, मान्यताप्राप्त शाळेतील नेमणुकीसाठी तो बी.एड.ची जागा घेऊ शकत नाही. तो खर्चिकही आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षे नोकरी झाल्यावर त्याचा विचार करावा.

मुंबईत दोन भाषांवर सारखीच पकड असलेल्या शिक्षकाला वाव का आहे, हे थोडे सविस्तर सांगतो. महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, मराठी शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, आणि 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्यामुळे घरी गुजराती, तमिळ किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवू शकणारे शिक्षक हवे आहेत, आणि मातृभाषा म्हणून मराठी शिकवण्यापेक्षा हे कौशल्य बरेच वेगळे आहे. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे हिंदी भाषक मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते. मराठीत ‘a’, ‘an’, ‘the’ यांसारखी उपपदे नसल्यामुळे मराठी मूल इंग्रजी लिहिताना ती गाळते. चूक कुठून येते हे ज्याला दोन्ही बाजूंनी दिसते, तो केवळ लाल खूण करून थांबत नाही, तर पुढचा पाठ त्या चुकीभोवती रचतो. प्रशिक्षकाचे खरे भांडवल हेच असते आणि ते वर्गातच जमते. स्वतः साठ मुलांचा वर्ग न सांभाळलेल्या प्रशिक्षकाचे अनुभवी शिक्षक सौजन्याने ऐकून घेतात, इतकेच.

म्हणून तिने प्रथम बी.एड. करावे आणि महाविद्यालयाच्या नियमांत बसत असेल तर मराठी व इंग्रजी या दोन्ही विषयांच्या अध्यापन पद्धती घ्याव्यात. दुसऱ्या वर्षातील शालेय इंटर्नशिप तिने गांभीर्याने करावी. अनेक विद्यार्थी ती केवळ फाइल पूर्ण करण्यापुरती करतात. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर द्यावा लागतो आणि त्यातील 150 पैकी 60 गुण दोन भाषांचे असल्याने तो तिला तुलनेने सोपा जावा. एक खुलासा आवश्यक आहे : पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, ऑगस्ट 2023 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य धरले जात नाही.

बी.एड. महाविद्यालयात अध्यापक व्हायचे असल्यास सर्वसाधारणपणे शालेय विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्हींत किमान 55 टक्के गुण अपेक्षित असतात. एम.ए. तिने नोकरी करता करता दूरशिक्षणाने केले तरी चालेल. स्वयंसेवी संस्थांच्या किंवा शैक्षणिक प्रकाशकांच्या प्रशिक्षण विभागांत नियम इतके काटेकोर नसतात; तिथे प्रात्यक्षिक पाठ आणि स्वतः तयार केलेले साहित्य पाहिले जाते, म्हणून तिने पहिल्या वर्षापासूनच आपली पाठटाचणे आणि कार्यपत्रिका जपून ठेवाव्यात.

बी.एड.ची प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष घेतो आणि पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते. तेव्हा निकालाची वाट न पाहता, कक्षाच्या संकेतस्थळावर सूचना येताच तिने अर्ज भरावा.