रायन मेसनला २६व्या वर्षी फुटबॉल सोडावं लागलं, तेव्हा चाहत्यांना एवढं का लागलं? थोडं थांबून परत आला नसता का?

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण "चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक कवटी फुटूनही परत आला, मग मेसन का नाही?" हा वाद आमच्याकडे वेंगुर्ल्यात अजूनही होतो. गोवा जवळ, त्यामुळे इथे क्रिकेट-कबड्डीच्या जोडीने फुटबॉलचंही वेड आहे. शनिवार-रविवारी रात्री मोबाइलवर प्रीमियर लीग बघणारी पोरं कमी नाहीत. मी संध्याकाळी मैदानावर शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ जानेवारी २०१७, स्टॅमफर्ड ब्रिज, चेल्सी विरुद्ध हल सिटी. बाजूने क्रॉस आला, हलचा मेसन आणि चेल्सीचा गॅरी केहिल दोघंही त्यासाठी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. यात कोणाचीच खोडी नव्हती. मेसनची कवटी फुटली. ऑपरेशन करून धातूच्या १४ पट्ट्या आणि २८ स्क्रू बसवावे लागले. त्यानंतर वर्षभर तो परत येण्यासाठी झटत होता, तज्ज्ञांचे सल्ले घेत होता. शेवटी डॉक्टरांनी धोका समजावून सांगितल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने खेळणं सोडलं. म्हणजे थांबून बघायचं तेवढं त्याने बघितलं होतं.

आता चेक. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिंगच्या खेळाडूचा गुडघा लागून त्याचीही कवटी फुटली, जानेवारी २००७ मध्ये तो परत आला आणि डोक्यावर ती काळी टोपी घालून २०१९ पर्यंत खेळला. वुल्व्ह्जचा राउल हिमेनेझ २०२० मध्ये कवटी फुटूनही पट्टा बांधून परतला. ही दोन उदाहरणं बघून लोकांना वाटतं, टोपी घातली की झालं. पण टोपीने हाडाला आधार मिळतो. आतल्या मेंदूला बसणारा हिसका ती थांबवू शकत नाही. दोन माणसांच्या डोक्याला सारखाच मार बसला तरी आत झालेलं नुकसान सारखं नसतं, आणि ते बाहेरून मोजता येत नाही.

कन्कशन म्हणजे नेमकं हेच. गोटा झालेला नारळ हलवलात तर करवंटीला तडा नसतानाही आत खोबरं आपटतं, तसा कवटीत द्रवावर तरंगणारा मेंदू हिसक्याने हलतो आणि त्याच्या पेशींचं काम बिघडतं. रक्त नाही, सूज नाही, सीटी स्कॅन बहुधा साफ. बहुतेक वेळा माणूस बेशुद्धही पडत नाही. मग पुढचे काही दिवस, कधी काही महिने, डोकं दुखणं, चक्कर, उजेड सहन न होणं, झोप उडणं, चिडचिड, वाचलेलं डोक्यात न शिरणं. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर ते फार महागात पडतं, कोवळ्या वयात क्वचित जिवावरही बेततं. आणि एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता वाढते. आयर्लंडच्या केव्हिन डॉयलला नुसता चेंडू डोक्याने मारला तरी डोकेदुखी सुरू व्हायची. त्याने २०१७ मध्ये खेळ सोडला. अमेरिकेच्या टेलर ट्वेलमनच्या डोक्यावर २००८ मध्ये गोलकीपरची मूठ बसली, तो त्या सामन्यात तसाच खेळत राहिला, आणि २०१० मध्ये ३०व्या वर्षी त्याला थांबावं लागलं. त्याआधी, २००५ मध्ये, तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

आता चाहत्यांना का लागलं, त्याबद्दल. मेसन आठव्या वर्षी टॉटनहॅमच्या अकादमीत आला. कित्येक वर्षं या क्लबला, त्या क्लबला उधारीवर पाठवला गेला, पुष्कळांनी त्याचं नाव सोडून दिलं होतं, आणि २०१४ मध्ये एकदम पहिल्या संघात जागा पक्की केली. मार्च २०१५ मध्ये इंग्लंडकडून इटलीविरुद्ध खेळला. असा खेळाडू म्हणजे आपल्याच वाडीतला पोर. त्याला लहानाचा मोठा होताना बघितलेलं असतं. २०१६ मध्ये तो हलला गेला तरी टॉटनहॅमवाल्यांना तो आपलाच वाटायचा, आणि पाच महिन्यांत हे घडलं. त्यामुळे दोन क्लबांचे चाहते एकाच खेळाडूसाठी हळहळत होते.

शिवाय गुडघ्याची दुखापत असली की चाहत्याला हिशोब कळतो. लिगामेंट तुटलं, आठ-नऊ महिने, मग परत. इथे तारीखच नाही. कोणी सांगू शकत नाही की अमुक महिन्यात तो बरा होईल, आणि पोरगा तर फोटोत ठणठणीत दिसतो. निरोपाचा सामना नाही, म्हातारपणाची उतरती कळा नाही. शेवटचा सामना शेवटचा होता हे वर्षभराने कळतं. आमच्याकडच्या जुन्या मंडळींनी हे क्रिकेटमध्ये अनुभवलंय. नरी काँट्रॅक्टर भारताचे कर्णधार असताना १९६२ मध्ये बार्बाडोसला वेस्ट इंडिजच्या ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. समोरच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांना रक्त दिलं, ते वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले, पण कसोटीत पुन्हा कधी दिसले नाहीत. वय होतं २८. ती गोष्ट सांगताना आमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांचा आवाज अजून बदलतो.

हळहळणं मला समजतं आणि योग्यही वाटतं. मला राग येतो तो त्याच तोंडाने होणाऱ्या दुसऱ्या गोष्टीचा. आपण चाहते दुखणं अंगावर काढणाऱ्याला डोक्यावर घेतो. २०१३ मध्ये एव्हर्टनविरुद्ध लुकाकूचा गुडघा लागून टॉटनहॅमचा गोलकीपर लोरिस मैदानात पडला, उठला आणि खेळत राहिला. त्याच्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं, खेळाडूंच्या जागतिक संघटनेने मात्र टीका केली. त्या रात्री चाहते कोणाच्या बाजूने होते हे सांगायला नको. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर डोक्याला मार लागल्यावर १४ मिनिटं खेळत राहिला. त्याने पंचांना विचारलं, हा अंतिम सामना आहे का? तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं. आपण हा किस्सा हसत सांगतो.

आणि जो उठून नीट खेळू शकला नाही त्याचं काय करतो? २०१८ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आठवा. लिव्हरपूलचा गोलकीपर कॅरियस याला रिअल माद्रिदच्या रामोसचं कोपर लागलं आणि त्यानंतर काही मिनिटांतच त्याने पहिला गोल फुकट दिला, पुढे आणखी एक चूक केली. लिव्हरपूल ३-१ ने हरलं. त्याला शिव्या पडल्या, धमक्या आल्या. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की त्याला कन्कशन झालं होतं आणि त्याचा खेळावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. तर लोक म्हणाले, बहाणा आहे.

हे फक्त परदेशात घडत नाही. आमच्या भागातल्या एका स्पर्धेची फायनल होती. गोलकीपर पंधरा-सोळा वर्षांचा. खालून आलेल्या चेंडूवर तो झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. थोडा वेळ पडून राहिला, मग उठून हात वर केला. अख्ख्या मैदानाने शिट्ट्या मारल्या. गोल किकसाठी त्याने चेंडू ठेवला, उचलला, परत ठेवला. आपल्या बॅकला विचारलं, "हाफ टाइम जालो काय रे?" त्याने जालो म्हणून सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न. मी आत गेलो तेव्हा त्याने एक हातमोजा काढून काखेत धरला होता आणि तोच मोजा तो मातीत शोधत होता. "सर, माका काय नाय जाला, मी खेळतंय," एवढं मात्र स्पष्ट बोलला. मी त्याला बाहेर आणला तर दोरीच्या पलीकडून ओरडा सुरू झाला, तोंडार पाणी मारा, काय होवचा नाय. त्याचे काका माझ्यापर्यंत आले. "मास्तर, फायनल आसा, पोराक खेळाक देवा."

रिक्षात बसवताना त्याला उलटी झाली. इथल्या दवाखान्यातून पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सिंधुदुर्गात डोक्याचं काही मोठं असलं की रस्ता गोव्याकडेच जातो. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, स्कॅन साफ निघाला, घरी पाठवलं. पण पुढे कित्येक आठवडे फळ्याकडे बघितलं की त्याचं डोकं ठणकायचं, दुपारच्या उन्हात डोळे मिटून बसायचा. घरच्यांनी खेळ बंद केला. संघ फायनल हरला होता, त्यामुळे नाक्यावर ठरून गेलं की स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे पोरगा घाबरला. त्या पोराने हे सगळं ऐकलं. त्याचं डोकं बरं झालं, पण मैदानाकडे यायला त्याला त्याहून जास्त दिवस लागले. म्हणून "थोडं थांबून परत आला असता" हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. बोलणाऱ्याला ती माया वाटते, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपण कुठेतरी कमी पडलो.

अशा खेळाडूला काय लिहावं असं कोणी विचारलं तर मी सांगेन, त्याचा तुम्हाला आवडलेला एखादा खेळ लिहा आणि आता तब्येत सांभाळ म्हणा. "लवकर परत ये" लिहू नका. आणि समोरच्या खेळाडूला दोष देणं तर मुळीच नको. केहिल स्वतः मेसनला भेटायला हॉस्पिटलात गेला होता, तरी त्याच्या नावाने बोटं मोडणारे होतेच. मेसन पुढे प्रशिक्षणात आला, २०२१ च्या एप्रिलमध्ये मॅनेजर मोरिन्योला काढल्यावर टॉटनहॅमचा हंगामी मॅनेजर झाला. वय २९, प्रीमियर लीगच्या इतिहासातला सगळ्यात तरुण मॅनेजर. ते बघून मला फार बरं वाटलं होतं. पण सगळ्यांना असं दुसरं दार उघडत नाही, म्हणून त्याचं उदाहरण देऊन "बघ, सगळं चांगलं होतं" असंही मी पोरांना सांगत नाही.

आमच्या मैदानावर आम्ही काय करतो ते सांगतो, तुमच्या गावात संघ असेल तर उपयोगी पडेल. डोक्याला मार लागला की पोराला बाहेर घेऊन साधे प्रश्न विचारायचे: हे कुठलं मैदान, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गोल कोणी मारला, याआधीचा सामना कोणाशी होता? एकही उत्तर अडखळलं, किंवा डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला, तर त्या दिवशी खेळ संपला. उत्तरं बरोबर आली तरी शंका वाटली की खेळ संपलाच. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड येणं, हात-पाय लुळा वाटणं, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. एकट्याला घरी सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी २०२३ मध्ये आलेल्या सूचनांनुसार २१ दिवसांच्या आत सामना नाही, आणि त्यानंतरही लक्षणं पूर्ण गेली असतील तरच. आम्ही तेच धरतो.

लहान मुलांकडून सरावात हेडिंगही, म्हणजे डोक्याने चेंडू मारणंही, करून घेत नाही. इंग्लंडमध्ये २०२० पासून ११ वर्षांखालच्यांसाठी तशी सूचना आहे, आणि त्यामागे ग्लासगोचा २०१९ चा अभ्यास आहे. माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. पालक म्हणतात, मग पोरं शिकणार कधी? बाराव्या-तेराव्या वर्षी शिकतील, काही बिघडत नाही.

राहिला प्रश्न संघ एका खेळाडूने कमी होण्याचा. त्याच भीतीने काका लोक दोरी ओलांडून आत येतात. क्रिकेटने २०१९ मध्ये यावर तोडगा काढला. लॉर्ड्सवर कन्कशन झालेल्या स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला तो याच नियमाने. फुटबॉलमध्ये २०२१ पासून प्रयोग झाले, आणि २०२४-२५ पासून नियमपुस्तकात स्पर्धांना हा पर्याय दिलाय: डोक्याला लागलेल्याच्या जागी आलेला खेळाडू ठरलेल्या बदल्यांमध्ये मोजायचा नाही. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलंय. दोन संघांचा विरोध आहे, याचा गैरफायदा घेतील म्हणतात. मी म्हटलं घेऊ देत. बाहेर गेलेला पोरगा त्या सामन्यात परत येणार नाही एवढी अट घाला आणि दिवाळीनंतरच्या स्पर्धेच्या पत्रकात हा नियम छापा.