अंगठा मागितला, द्यायचा का?

प्रश्न : भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हजेरीसाठी बोटांचे ठसे घेतात. नकार देता येईल का? नोकरी सोडल्यावर त्या ठशांचं काय?

सरसकट नकार टिकणं अवघड. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कामासाठी संमतीविनाही माहिती वापरायची मुभा मालकाला देतो. मात्र त्याच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. तोपर्यंत २०११ चे माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियम. त्यांत ठसे, बुबुळं, चेहऱ्याची ठेवण ही संवेदनशील माहिती धरली आहे आणि ती घेण्याआधी लेखी संमती लागते. किती मालक ती घेतात, हे तुम्हीच आठवून पाहा!

गरज संपल्यावर माहिती ठेवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून राजीनाम्यासोबत 'माझे ठसे काढून टाका' असा अर्ज द्या आणि पोच घ्या. ठसे मशीनमध्येच राहतात की मशीनवाल्या कंपनीकडे जातात, हेही त्यात विचारा. हजेरीसाठी थेट आधारची पडताळणी सक्तीची केली असेल तर गोष्ट वेगळी. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर खासगी मालकाला तशी सक्ती करता येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीने गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवला. सर्वसाधारण सभेत ठरावही झाला. माझा विरोध आहे.

ठराव कॅमेऱ्याच्या खर्चाला मंजुरी देतो, तुमच्या चेहऱ्याला नाही. बहुमताने दुसऱ्याची संमती देता येत नाही. २०११ चे नियम व्यवसाय करणाऱ्या संस्थांसाठी आहेत, असं म्हणून कमिटी हात झटकू शकते; पण कॅमेऱ्यामागचं ॲप चालवणारी कंपनी त्यातून सुटत नाही. कार्ड किंवा ओटीपीची सोय लेखी मागा. घरकामाला येणाऱ्या ताईंसाठीही मागा, कारण 'चेहरा नाही तर प्रवेश नाही' म्हटल्यावर त्यांनी दिलेल्या होकाराला मी तरी संमती म्हणणार नाही. नवा कायदा पूर्ण लागू झाला की १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल.

प्रश्न : रेशन दुकानात आईचा अंगठा जुळत नाही. दुकानदार परत पाठवतो.

अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचं धान्य अडवता येत नाही. बुबुळांची पडताळणी किंवा ओटीपी मागा. तरीही नाही म्हणाला तर तारखेसह तक्रार तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या, १९६७ या रेशन हेल्पलाइनवरही नोंदवा.