वाचकांचे प्रश्न : चिनी पाहुण्यांच्या पानात काय वाढावं?

प्रश्न : वेरूळ रस्त्यावर आमचं छोटं हॉटेल आहे. मागे वीस चिनी पर्यटक जेवायला आले. हक्का नूडल्स, मंचुरियन, पनीर बटर मसाला केला. निम्मं तसंच राहिलं आणि सगळे गरम पाणी मागत बसले. आता आणखी एक गट येतोय, त्यात काही बौद्ध शाकाहारी आहेत. त्यांना जैन थाळी चालेल का?
– एक वाचक, खुलताबाद

उत्तर : आधी थाळीचं. जैन थाळी चालणार नाही, आणि अडचण नेमकी हिंगाची आहे. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण, पातीचा कांदा यांच्याबरोबर हिंगही वर्ज्य असतो. आपण कांदा-लसूण काढला की वरणाला हिंगाची फोडणी हमखास देतो. तिथंच घात होतो. उलट बटाटा, गाजर, मुळा, आलं, मिरची त्यांना चालते. अंडं बहुतेक जण खात नाहीत. कढई आणि झारा वेगळाच ठेवा.

मंचुरियन भारतातच जन्मलं, त्यामुळे चीनहून आलेल्याला ते परकंच. पनीरची सवय नसते आणि दूध-सायीची ग्रेव्ही अनेकांना पचत नाही. म्हणून ‘चायनीज’ करायला जाऊच नका. घरचीच भाजी मसाला वगळून करा.

कोबी, पालक, दोडका यांपैकी काहीही घ्या. कढईतलं दोन चमचे तेल धुरावल्यावर ठेचलेला लसूण (शाकाहारींसाठी आलं), त्यावर पाव किलो भाजी. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता, मीठ शेवटी घाला, झाकण नको. वीस जणांची भाजी एकदम टाकली की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ती शिजत बसते, म्हणून घाणे काढा. हळद-जिरं नको.

टोमॅटो-अंडं हा तिथला अगदी घरगुती पदार्थ. चौघांना सहा अंडी, चार टोमॅटो. फेटलेली अंडी गरम तेलात मऊसर परतून बाजूला काढा. त्याच कढईत टोमॅटोचा रस सुटू द्या, मीठ आणि चमचाभर साखर घाला, मग अंडी परत सोडा. अंडी आधीपासून टोमॅटोत शिजवली तर रबरासारखी होतात.

मांसाहारींसाठी तुमच्याकडची गावरान कोंबडी रश्श्यापेक्षा सूपमध्ये जास्त भाव खाईल. हाडासकट तुकडे, आल्याचे काप, भरपूर पाणी. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा, फेस काढत राहा, मीठ उतरवताना घाला.

भात बासमतीचा नको, तो चॉपस्टिकमधून निसटतो. इंद्रायणी घ्या, तूप, मीठ, जिरं काही नको. सगळे पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवा, भात प्रत्येकाला वाटीत. चॉपस्टिक भातात उभी खोचून देऊ नका, ते मृताच्या नावाने लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं.

पाणी खरोखर उकळलेलं हवं, कोमट नाही. दर टेबलाला दोन थर्मास ठेवा. स्टीलचा पेला हाताला पोळतो, कप द्या. चहा बिनदुधाचा, हिरव्या पानांचा. कच्ची कोशिंबीर बहुधा शिल्लक राहील. कुणी स्वतःची मिरचीची बाटली काढली तर वाईट वाटून घेऊ नका. ‘लाओ गान मा’ची बाटली बॅगेत घेऊन फिरणारे पुष्कळ असतात.

गट कोणत्या प्रांताचा, हे गाइडला आधीच विचारा. सिच्वान किंवा हूनानचे असतील तर ठेचा बिनधास्त मांडा. ग्वांगदोंगच्या लोकांना सौम्य लागतं. जेवणाची वेळ दुपारी साडेअकरा ते साडेबारा, रात्री सहा-सात. संध्याकाळी नऊची तयारी ठेवलीत तर खोलीत इन्स्टंट नूडल्स उघडले जातील.

सकाळी उपमा-पोह्यांच्या शेजारी पेज ठेवा : वाटीभर तांदूळ, नऊ-दहा वाट्या पाणी, तासभर मंद आच, मीठ नाही. सोबत उकडलेली अंडी आणि खारे शेंगदाणे.