संध्याकाळ झाली की कॉम्प्युटर बंद पडतो

प्रश्न : दादा नमस्कार. मी कसबा बावड्यात राहते, घरातूनच डीटीपीचं काम करते, लग्नाच्या पत्रिका, बारशाची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स असं. कॉम्प्युटर ५ वर्षांचा आहे, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम. गेले तीन महिने तो कधीपण अचानक बंद पडतोय, काही मेसेज नाही काही नाही, स्क्रीन काळी होते आणि जरा वेळानं आपोआप परत चालू होतो. परवा एका पत्रिकेचं सगळं मॅटर लावून झालं होतं, वरच्या 'श्री अंबाबाई प्रसन्न' पासून खालच्या निमंत्रकांच्या नावांपर्यंत, आणि गेलं सगळं. दुकानात दोनदा नेला, दोन्ही वेळा विंडोज नवीन टाकून दिलं, तिथं दिवसभर झकास चालतो, घरी आणला की दोन दिवसात परत तेच. आता मदरबोर्ड बदला म्हणतायत. सकाळी पोरं शाळेत गेली की मी निवांत काम करते तेव्हा बरा चालतो, संध्याकाळी मात्र कामाला बसायची भीतीच वाटालीय. काय करू?

उत्तर : ताई, मदरबोर्ड बदलू नका, निदान अजून तरी नको. तुम्ही 'कधीपण' बंद पडतो असं लिहिलंय पण त्याच पत्रात दुकानात दिवसभर चालतो, सकाळी चालतो आणि संध्याकाळी पडतो असंही लिहिलंय, म्हणजे ते कधीपण नाहीच, त्याला वेळ आहे आणि जागा पण आहे. म्हणून मी तुम्हाला उलट पत्र टाकून एक आठवडा वही ठेवायला सांगितली होती, बंद पडला की वेळ लिहायची आणि त्या मिनिटाला घरात बाकी काय चालू होतं ते पण लिहायचं, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, काहीही. तुम्ही ते मनापासून केलंत, त्याबद्दल आधी आभार, कारण बाकीचं सगळं त्या वहीतनंच सुटलं.

इतर वाचकांसाठी सांगतो, वहीत ११ नोंदी होत्या. त्यातल्या ९ संध्याकाळी ६ ते सव्वासातच्या मधल्या आणि त्यापुढं ताईंनी लिहिलं होतं 'पाणी आलं, मोटर लावली' किंवा 'वरच्यांची मोटर चालू झाली'. उरलेल्या २ सकाळच्या, दोन्हीपुढं 'प्रिंट दिली' असं.

आता मोटरीचं बघा. पाण्याची मोटर चालू होताना पहिल्या क्षणाला ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्यापुरता लाईटचा व्होल्टेज खाली बसतो, घरातले बल्ब एकदा मिचकतात ते त्यामुळंच. एकाच डीपीवरच्या चार घरांनी पाणी आलं म्हणून पाठोपाठ मोटरी लावल्या की हे तासाभरात चार-सहा वेळा होतं. पण नुसत्या एवढ्यानं कॉम्प्युटर बंद पडायला नको असतो. चांगल्या एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या, स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे २३० चा १७० झाला तरी त्याला फरक पडत नाही, आणि लाईट पूर्ण गेली तरी सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग तो आतल्या कपॅसिटरवर निभावून नेतो.

मग अडतंय कुठं, तर यूपीएसला, म्हणजे लाईट गेली की कॉम्प्युटर बॅटरीवर चालवणाऱ्या डब्याला. व्होल्टेज घसरला की यूपीएस लाईन सोडून बॅटरीवर उडी मारतो, 'टक्' असा रिलेचा आवाज येतो तो तोच, आणि तुमच्या यूपीएसची बॅटरी कॉम्प्युटर घेतल्यापासून तीच आहे असं तुम्ही कळवलंत. ५ वर्षं! ही १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, आपल्या हवेत दोन-तीन वर्षं नीट चालते, त्यापुढं ती आत वाळत जाते. चार्जरवर असताना मीटरला १३ व्होल्ट दाखवेल, हिरवा दिवा पण लागेल, पण लोड आला की एका क्षणात कोसळते. तर होतं असं की मोटर लागली, व्होल्टेज घसरला, यूपीएसनं बॅटरीवर उडी मारली, बॅटरीत जीवच नाही, कॉम्प्युटर गेला, तेवढ्यात लाईन सावरली, यूपीएस परत लाईनवर आला आणि कॉम्प्युटर आपोआप चालू झाला. बॅटरी मेलेला यूपीएस हा यूपीएस नसण्यापेक्षा वाईट, कारण जो धक्का कॉम्प्युटरनं एकट्यानं सहज सोसला असता तिथं यूपीएस मध्ये पडून सप्लायच तोडतो.

आणि दुकानात का चालतो? कारण तुम्ही दुकानात फक्त कॅबिनेट नेता, यूपीएस घरीच टेबलाखाली राहतो. दुकानदाराला दोष देत नाही मी, त्याच्यासमोर तो बंदच पडला नाही तर तो तरी काय बघणार, पण बंद पडणाऱ्या मशीनला पहिला उपाय म्हणून विंडोज नवीन टाकणं हे मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाइकाचा डेटा जातो, पैसे जातात आणि खरं कारण होतं तिथंच राहतं.

खात्री करायला मी तुम्हाला बल्बची टेस्ट सांगितली होती. यूपीएसला कॉम्प्युटर लावायचा नाही, एक साधा जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब होल्डरसकट लावायचा, यूपीएस चालू करायचा आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायचं. प्लग उपसायचा नाही, बटणच बंद करायचं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. बल्ब दहा-पंधरा मिनिटं जळला तर बॅटरीत दम आहे, लगेच विझला तर गेली. तुमचा लगेच विझला.

तेव्हा नवीन बॅटरी टाका, हजार रुपयांच्या आसपास काम होईल. घेताना बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख बघा, वर्षभर दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. लाल वायर प्लसला काळी मायनसला, उलटी लागली तर यूपीएस जळतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड असतं, दुकानदार परत घेतो आणि थोडे पैसे पण कमी करतो.

सकाळच्या दोन नोंदी राहिल्या. तुमचा लेसर प्रिंटर त्याच यूपीएसवर आहे ना? तो आधी काढा. लेसर प्रिंटर प्रिंट देताना आतला रोलर तापवतो, त्या वेळी तो कित्येकशे वॅट ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला, यूपीएसवर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर. आणि कोरलड्रॉमध्ये ऑटो बॅकअप ५ मिनिटांवर करून ठेवा ताई, एवढ्या मेहनतीची पत्रिका परत जायला नको.

समजा यूपीएस नीट आहे किंवा घरात यूपीएसच नाही आणि तरी बंद पडतोय, असं बऱ्याच जणांचं असतं, त्यांच्यासाठी पुढचं. स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि बंद पडल्याच्या वेळेची नोंद बघा. १०७४ नंबर दिसला तर कुणीतरी किंवा अपडेटनं रीतसर बंद केलाय, बिघाड नाही. कर्नल पॉवर ४१ किंवा ६००८ दिसला तर तो तडकाफडकी गेलाय. ४१ च्या डिटेल्समध्ये बगचेक कोड म्हणून आकडा असतो, तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे सप्लाय गेला, उष्णतेनं बोर्डानं मान टाकली किंवा मशीन जागेवर अडकलं. शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेलाय आणि तो तुम्हाला दिसला नाही कारण विंडोज लगेच रिस्टार्ट होतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यातली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची टिक काढा, पुढच्या वेळी निळा स्क्रीन थांबून राहील, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. निळा स्क्रीन असेल तर रॅम किंवा ड्रायव्हरकडं बघा, रॅमसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे.

उष्णता आणि एसएमपीएस यांच्यात गोंधळ होतो बघा. उष्णतेनं जाणारा कॉम्प्युटर आधी वेळ घेतो, पंधरा-वीस मिनिटं काम झालं की फॅन ओरडायला लागतो, मशीन मंद होतं आणि मग जातं, लगेच परत चालू केला तर दुसऱ्या वेळी आणखी लवकर जातो. एसएमपीएस कमजोर असेल तर तो गेम चालू करताक्षणी, व्हिडिओ एक्स्पोर्ट दाबताक्षणी जातो, बटण बंद केल्यासारखा, फॅन ओरडायच्या आत. आपल्याकडं कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ढकलून ठेवायची सवय आहे, मागनं गरम हवा जायला जागाच नसते, एप्रिल-मे मध्ये तर आत भट्टी होते. शिरोली, गोकुळ शिरगावकडं फाउंड्रीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी कॅबिनेट सहा महिन्यांनी उघडून ब्रशनं साफ करावा, तिकडची धूळ बारीक आणि काळी असते, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत घट्ट बसते. साफ करताना फॅन बोटानं धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरू देऊ नका. इंटेलच्या कूलरच्या चार काळ्या पिना हलवून बघा, एक जरी सुटली असली तरी कूलर तिरका बसतो आणि प्रोसेसर शंभर डिग्रीच्या घरात जातो.

एसएमपीएस तपासायचा तर मल्टीमीटरनं, आणि मशीनवर काम चालू असताना. पिवळी-काळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये पाहिजे, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये. मल्टीमीटर हाताळायची सवय नसेल तर हे जाणत्याकडनंच करून घ्या. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका ही हात जोडून विनंती, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ राहू शकतात.

प्रश्न : आमच्याकडं शिवाजी पेठेत घराला इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तरी ट्यूब आणि फॅन चालू राहतात पण कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टर खराब आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. इन्व्हर्टरच्या मागं किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं, ते नॉर्मलवर असणार. नॉर्मलवर लाईट ते बॅटरी हा बदल सावकाश होतो, ट्यूब-फॅनला ते कळत नाही पण कॉम्प्युटरला तेवढा वेळ निघत नाही. यूपीएस मोडवर करा. एक लक्षात ठेवा, यूपीएस मोडमध्ये तो कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळं तुमच्या भागात व्होल्टेज सारखा पडत असेल तर बॅटरी जास्त वापरली जाईल. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लाट न देता चौकोनी लाट देणारा, तर नव्या पद्धतीचे काही एसएमपीएस त्यावर नीट चालत नाहीत, बटण बदलूनही जमलं नाही तर कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस घेणं बरं.

प्रश्न : शाहूपुरीत तळमजल्यावर राहतो. २०२१ च्या पुरात कॉम्प्युटर माळ्यावर ठेवला होता, पाणी लागलं नाही, पण तेव्हापासून दर पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा चालू केला की दोन-तीनदा रिस्टार्ट होतो, मग दिवसभर नीट चालतो.

उत्तर : काका, पाणी लागलं नसलं तरी ओल लागलीय. पूर ओसरल्यावर तळमजल्याच्या भिंती महिनोन्महिने ओल्या असतात, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा तुम्हाला माहीतच आहे. त्या ओलीनं रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर येतो, मशीन गार असताना कनेक्शन कच्चं राहतं, तापल्यावर बसतं. प्लग काढा, रॅम काढा, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं त्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी हळूच पुसा, रबराचा चुरा ब्रशनं झाडा, दोन्ही बाजूंचा 'कट्' आवाज येईपर्यंत रॅम परत दाबून बसवा. सोबत मदरबोर्डवरचा, घड्याळ आणि सेटिंग जपणारा गोल सेल बदला, सीआर २०३२ म्हणून कुठंही मिळतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर ठेवा. आणि पावसाळ्यात कॉम्प्युटर वापरायचा नसला तरी दोन दिवसांनी अर्धा तास चालू ठेवत जा, आतली ओल धरत नाही.

ज्यांचा कॉम्प्युटर २०१९ किंवा २०२१ ला खरोखर पाण्यात गेला होता आणि वाळवून चालवतायत त्यांनी एसएमपीएस तरी बदलाच, पुराच्या पाण्यातला गाळ आत राहतो, आणि तिथं प्रश्न रिस्टार्टचा नसून आगीचा आहे.

प्रश्न : कागलहून लिहितोय. पॉवर बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू होतो आणि चार-पाच सेकंदांत बंद. सगळे म्हणतात बोर्ड गेला.

उत्तर : आधी बटण बघ भावा. पॉवर बटण ४ सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो ही बोर्डाची ठरलेली सोय आहे, आणि तुझं बटण धुळीनं किंवा स्प्रिंग गेल्यानं आतच अडकून राहत असेल तर बोर्डाला वाटतं तू धरून ठेवलंयस. चालू झाल्या झाल्या बटणाची ती बारीक दोन पिनांची वायर बोर्डावरून उपसून बघ. मशीन चालू राहिलं तर नवीन बटण टाक. नाही राहिलं तर फॅन फिरतो का, बीप येते का आणि नेमकं कितव्या सेकंदाला जातो ते मोजून परत लिही.