पाय दुखतोय हे कुणाला सांगितलं होतंत?

"दिंडीत ओळखीचं कुणी नाही. मध्येच पाय गेले तर कुणाच्या भरवशावर?" मे महिना लागला की वारीआधी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, समुपदेशकाकडे, कुणी ना कुणी येतंच. बहुतेक साठीच्या आसपासच्या बायका, पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई पुण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आदल्या वर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाल्या आणि सासवडहून एसटीनं घरी परतल्या. पुणे ते सासवड म्हणजे तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट. नवे बूट, ओले मोजे. घाट चढेस्तोवर दोन्ही चवड्यांना फोड. घरी मुलगा म्हणाला, "सांगत होतो ना!" तेच मनाला लागलं असेल असं मी धरून चालले होते. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "मी निघून आले, ते दिंडीत कुणाला कळलंसुद्धा नसेल."

"पाय दुखतोय हे कुणाला सांगितलं होतंत?"

बराच वेळ गप्प. मग, "कुणाला कशाला त्रास?"

तीस वर्षं वर्गातल्या पोरांना 'काय होतंय रे?' विचारलेलं. आपल्याला काय होतंय हे सांगायची सवयच नाही. त्यात वारीत सगळेच एकमेकांना 'माउली' म्हणतात. रीत फार गोड, पण चार दिवस शेजारी चालूनही नाव कळत नाही. ज्याला लपायचंय त्याला हा शब्द सोयीचा, असं मी म्हटलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पायाचं काम माझं नव्हे, ते डॉक्टरांवर सोपवलं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाच जास्त दुखायची. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावला होता. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची. साखर तपासली, ठीक निघाली. (मधुमेह असेल तर फोडाला आपण होऊन सुई लावायची नाही, हे मी प्रत्येकीला बजावते.) चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घेतले आणि सरावही त्याच बुटांत. ओल्या कातडीवर घर्षणानं फोड लवकर येतो, तेव्हा विसाव्याला मोजे बदलायचे आणि चुरचुरलं की तिथेच थांबून पट्टी लावायची. सहा आठवड्यांच्या सरावात शेवटी लागोपाठ दोन दिवस 15-15 किलोमीटर. पाय खरं बोलतात ते दुसऱ्या दिवशी.

माझा गृहपाठ एवढाच. पहिल्या रात्री राहुटीत डाव्या-उजव्या बाजूच्या बाईला आपलं नाव-गाव सांगायचं. आणि चाल वाकडी व्हायला लागली की, असह्य व्हायची वाट न बघता, एकीला तरी बोलायचं. बाईंनी वहीत तारीख घालून लिहून घेतलं.

लोणंदहून फोन आला. फोड याही वर्षी आलाच होता, उजव्या करंगळीला. जेजुरीच्या मुक्कामी डाव्या बाजूची परभणीची बाई टाचेच्या भेगा बघत बसली होती, रक्त येत होतं. यांनी व्हॅसलिनची डबी पुढे केली आणि त्याच दमात सांगून टाकलं, माझाही पाय गेलाय. ती म्हणाली, "मंग उद्या टरकात बसा की. कोन काय म्हनतंय?" वाल्ह्यापर्यंत बाई दिंडीच्या ट्रकमध्ये सामानावर बसून गेल्या. रडू आलं, म्हणाल्या. संध्याकाळी राहुटीत शिरल्या तर त्यांच्या जागेवर परभणीकरणीनं आपली पिशवी ठेवून जागा धरलेली, आणि "बाई कुठं राहिल्या?" असा पुकारा चाललेला. हे त्यांनी मला त्या एका फोनवर दोनदा सांगितलं.

उजव्या बाजूच्या बाईशी मात्र पंढरपूरपर्यंत जमलं नाही. पाण्याच्या बादलीवरून रोज कुरबुर.

ऑक्टोबरची आमची भेट बाईंनीच रद्द केली. परभणीला सोयाबीन काढणी चालली होती, आणि त्यांना तिकडे बोलावणं होतं. बूट कुठले घालू, एवढंच विचारलं.