वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) ११ आलाय. कॅन्सरच असेल का? त्यांना सांगावं का?

११ आला म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. प्रोस्टेट नुसती वाढलेली असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, नुकतीच लघवीची नळी घातली असेल, तरी आकडा चढतो. एमआरआय आणि बायोप्सीशिवाय खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. मी लिहायला बसलोय ते दुसऱ्या प्रश्नासाठी. सांगा. आजच सांगा.

आमच्या अण्णांचा २१२ आला होता. त्याआधी आठ महिने कंबरदुखी म्हणून तेल, शेक, पट्टा चालला होता. बोन स्कॅनमध्ये मणक्यात पसरलेला दिसला. दादा दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाला, "अण्णांना कळता कामा नये, हाय खातील." मी धाकटा, गप्प बसलो.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून ते बंद करावं लागतं. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन. दादानं इंजेक्शन ठरवलं आणि अण्णांना सांगितलं, हाडांच्या ताकदीचं आहे.

मग ऐन थंडीत अण्णांना रात्री दरदरून घाम फुटायला लागला. स्वेटर काढून ओट्यावर जाऊन बसायचे. हार्मोन बंद झालं की असं होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. अण्णांना कुणीच नाही. त्यांना वाटलं, हृदयाचं काहीतरी आहे, आता आपलं संपलं. एका पहाटे ते आईला पोस्टाची पासबुकं कुठे ठेवलीत ते दाखवत होते. त्याच दिवशी मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली.

निवृत्त तलाठी माणूस. तासभर एकेक कागद वाचला. म्हणाले, "सातबारा माझा, आणि फेरफार तुम्ही परस्पर केलात?" पुढच्या इंजेक्शनची तारीख यायच्या आत त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर स्वतः सही केली. घाम नंतरही फुटायचा, पण आईला म्हणायचे, "उपचाराचा आहे, झोप तू." साडेतीन वर्षं काढली त्यांनी, तिन्ही वर्षी ऊस स्वतः उभं राहून तोडून घेतला. दादा अजून म्हणतो मी घाई केली. ओट्यावरच्या त्या रात्रींचा हिशोब त्यानं मला अजून दिलेला नाही.

मी डॉक्टर नाही. वडील प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, त्या गोळ्यांनी पीएसए साधारण निम्मा दिसतो. आणि कॅन्सर निघालाच, तरी तो मंद असेल तर कित्येकदा काहीही न करता नुसती पाळत ठेवतात. युरोलॉजिस्टकडे गेलात की डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्यांना बसवा, तुम्ही मागे उभे राहा.