वाचकांचे प्रश्न : आधी गाळ तपासा, मग घाट बांधा

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नदी खाडीला मिळते तेथे, रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. पूर्वी ओहोटीला बायका शिवल्या (खाडीतील शिंपले) काढत, भोई मंडळींना बोय मासा आणि कोळंबी मिळे. आता जाळी रिकामी येतात. खारबांध फुटल्याने भातखाचरांत भरतीचे पाणी शिरते. मुंबईकर मंडळी वर्गणी काढून घाट, नौकाविहार आणि कांदळवन लागवड करू म्हणतात. सुरुवात कोठून करावी? — एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : मुंबईकरांची तळमळ मोलाची आहे, परंतु घाट आणि नौकाविहार ही या कामाची शेवटची पायरी आहे. वरून सांडपाणी येत आहे तोवर काठावर केलेला खर्च वाया जातो, आणि ते थांबल्यानंतरही गाळात बसलेले जड धातू वर्षानुवर्षे तेथेच राहतात. जर्मनीतील एम्शर ही नदी कोळसा आणि पोलादाच्या उद्योगांमुळे उघडे गटार झाली होती. १९९२ पासून तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले, त्यात सांडपाण्यासाठी सुमारे ५१ किलोमीटर लांबीची भूमिगत मुख्य वाहिनी बांधली गेली आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणे थांबले. तेथील काठ हिरवे झाले ते सांडपाणी वेगळे काढल्यामुळे, हे आपण विसरू नये.

म्हणून वर्गणीतील पहिला पैसा तपासणीवर खर्च करा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ओहोटीच्या वेळी गाळाचे नमुने घ्यावेत : सांडपाणी मिळते तेथून, त्याच्या वरच्या बाजूने आणि शिवल्यांच्या जुन्या जागेवरून, शिवाय प्रत्येक ठिकाणी वरचा थर आणि हातभर खोलीचा थर वेगळा, कारण वरचा गाळ अलीकडचा असतो आणि जुना हिशेब खाली दडलेला असतो. काळा रंग आणि कुजक्या अंड्यांसारखा वास एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. निरोगी कांदळवनातील चिखलालाही तसा वास येतो. सोबत वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे तपासणी अहवाल माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागवावेत. देशांतर्गत जलप्रवाहात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानक जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी (घाणीचे रसायनाने विघटन करताना लागणारा ऑक्सिजन) २५० मिलिग्रॅम असे आहे. केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातील अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून तेही मागवून आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. गाळाचा अहवाल येईपर्यंत नदीतील गाळ उपसून शेतात टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पुराच्या धास्तीने गाळ काढण्याची मागणी आता सर्वत्र होते, आणि २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्यांना ती भीती समजतेच. पण रसायनांखालचा गाळ भातखाचरात गेला तर नदीचे दुखणे थेट ताटात येईल.

खारबांधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बांध फुटून बरीच वर्षे झाली असतील तर खाचरांत चिप्पी आणि तिवर ही कांदळाची झाडे उगवली असतील, आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडण्यास मनाई आहे. खाजगी जमीनही त्यातून सुटत नाही. तेव्हा ज्या खाचरांत अजून कांदळ आलेले नाहीत, तेथील बांध आणि उघाड्या (बांधातील पाण्याची दारे) दुरुस्त करण्याचा प्रस्ताव खारभूमी विभागाकडे आधी द्यावा, तेथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची क्षार सहन करणारी भातबियाणी लावून पाहावीत, आणि जेथे कांदळ आलेच आहेत ती जमीन बोय-कोळंबीच्या पिलांची जागा म्हणून राखावी. असे झाल्यास वेगळ्या लागवडीची गरजही फारशी उरणार नाही; भरतीचे पाणी मोकळे खेळले की बी आपोआप रुजते. कोणते खाचर कोणत्या वाट्याला जाईल हे ग्रामसभेत नकाशा समोर ठेवूनच ठरवावे, कारण यात काहींची जमीन जाणार आहे आणि त्यांचे म्हणणे आधी ऐकणे हे गावाचे कर्तव्य आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या बंद कारखान्याच्या ओसाड जागेत गावाने काजू लावावा का? — एक शेतकरी

उत्तर : आत्ताच नको. औद्योगिक वसाहतीतील भूखंड साधारणपणे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मालकीचे असून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात, त्यामुळे गावाला तेथे परस्पर लागवड करता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमिनीत काय मुरले आहे ते कळले पाहिजे. आपला जांभा सच्छिद्र आहे. पावसाळ्यात त्यातून झिरपलेले पाणी उताराच्या विहिरींत उतरते. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम २०२५ मध्ये लागू झाले असून, लोकांच्या तक्रारीवरून अशी संशयित जागा नोंदवता येते. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी आणि दूषण सिद्ध झाल्यास शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून घ्यावा, अशी त्यात तरतूद आहे. ग्रामसभेचा ठराव, गट क्रमांक, छायाचित्रे आणि उताराच्या विहिरींच्या पाण्याचे अहवाल जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. अहवाल पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही असावेत, आणि ते हाती येईपर्यंत त्या विहिरींचे पाणी पिण्यासाठी वापरू नये.